जो निघून जायच्या बेतात असतो, तो मदत मागायला येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदवी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने लिहिलं आहे की पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली बरीच मुलं दुसऱ्या वर्षात दिसतच नाहीत. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी वरच्या वर्गातल्या चाळीस विद्यार्थ्यांना मेंटर नेमलं, एकेकाला वीस नवे विद्यार्थी वाटून दिले, कार्यक्रम घेऊन ओळख करून दिली. पहिला महिना संपेपर्यंत भेटीगाठी थंडावल्या आणि गळती होती तेवढीच राहिली. त्या विचारतात, ही कल्पनाच फोल आहे की राबवण्यात चूक झाली? आणि विद्यार्थी-मेंटर असतील तर शिक्षक-सल्लागार वेगळे कशाला हवेत?

मॅडम, कल्पना फोल नाही. हे काम मी चौदा वर्षं केलं आणि त्यातली पहिली दोन वर्षं अगदी तुमच्यासारखी गेली. आमच्याकडेही याद्या होत्या, ओळखपत्रं होती, मेंटर ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीत बसायचे. यायचं कोण? ज्यांचं बरं चाललं होतं तीच मुलं. वही नीट ठेवणारी, शंका कागदावर लिहून आणणारी. जी हातातून निसटत होती, त्यांच्यापैकी एकानेही त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. जो निघून जायच्या बेतात असतो तो मदत मागायला येत नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली. मेंटरलाच त्याच्याकडे जावं लागतं, तेही त्याने बोलावण्याआधी, आणि पहिल्या निरोपाला उत्तर आलं नाही तर पुन्हा. बाकी सगळी रचना या एका गोष्टीभोवती उभी करायची.

मुलं जातात कशी, हे जवळून बघितल्याशिवाय हे पटत नाही. एक मुलगा मला अजून आठवतो. पहिल्या चाचणीच्या दिवशी तो तापाने पडला होता. चाचणी पुन्हा देता येते, पण अर्ज कुठे करायचा हे त्याला माहीत नव्हतं. 'एवढंही ठाऊक नाही?' असं कोणी म्हणेल म्हणून त्याने विचारलं नाही. चाचणी बुडाली, म्हणून त्या विषयाच्या तासाला तो शेवटच्या बाकावर बसायला लागला. एकदा सरांनी सगळ्यांसमोर हजेरीवरून टोकलं. तेव्हापासून तो तासच टाळू लागला. तो तास सकाळचा पहिला, त्यामुळे हळूहळू पुढचे तासही बुडायला लागले. प्रॅक्टिकलच्या जोडीदाराने दोन आठवडे वाट बघून दुसरा जोडीदार घेतला. सत्र संपत आलं तेव्हा परीक्षेचा अर्ज भरायची मुदत निघून गेली होती, आणि ते त्याला मुदतीनंतर चार दिवसांनी कळलं. ऑफिसच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे कारण लिहिलं होतं, 'वैयक्तिक'. काही महिन्यांनी मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मी कॉलेज सोडलं नाही, ते सुटलं."

ते वाक्य मी पुढे प्रत्येक मेंटरच्या प्रशिक्षणात सांगत आले. या साखळीतल्या कुठल्याही एका कडीवर वरच्या वर्गातला कोणी शेजारी येऊन म्हणाला असता, 'फेरचाचणीचा अर्ज डिपार्टमेंटमध्येच मिळतो, चल, मीही तिकडेच निघालोय', तर पुढचं बरंचसं घडलं नसतं. फी भरता न येणं, घरची जबाबदारी, नोकरी, आजारपण ही कारणंही तितकीच खरी आहेत आणि तिथे एकटा मेंटर पुरा पडत नाही. त्यावर पुढे बोलते.

अभ्यासकांनीही गळतीकडे असंच बघितलं आहे. 1970 मध्ये विल्यम स्पेडी आणि 1975 मध्ये विन्सेंट टिंटो यांनी ती एका दिवसाचा निर्णय न मानता हळूहळू घडत जाणारी गोष्ट मानली. आधार घेतला एमिल दुर्खीम यांच्या समाजशास्त्रीय विवेचनाचा, म्हणजे माणसाचे समाजाशी असलेले धागे एकेक करून कसे तुटतात त्याचा. टिंटोंच्या मते विद्यार्थ्याचे दोन धागे महाविद्यालयाशी जुळावे लागतात, एक अभ्यासाचा आणि दुसरा माणसांचा. रोज ये-जा करणाऱ्या, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलांना ही मांडणी तशीच्या तशी लागू पडत नाही, अशी टीका नंतर झाली आणि ती मला रास्त वाटते. तास संपला की धावत कामावर जाणाऱ्या मुलीला स्नेहसंमेलनात ओढून तिचा 'माणसांचा धागा' जुळत नाही. तिला वर्गातलंच एक ओळखीचं माणूस हवं असतं, बुडलेल्या तासाच्या नोट्स न मागता पाठवणारं.

तुमच्या अनुभवाशी मिळताजुळता एक प्रयोग कॅनडातल्या एका विद्यापीठात 2005 मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. काहींना वरच्या वर्गातले प्रशिक्षित मेंटर आणि अभ्यासगट, काहींना चांगल्या गुणांबद्दल रोख शिष्यवृत्ती, काहींना दोन्ही, आणि उरलेल्यांना जे नेहमी मिळतं तेवढंच. जोशुआ अँग्रिस्ट, डॅनिएल लँग आणि फिलिप ओरिओपोलोस यांनी 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना फक्त मेंटर आणि अभ्यासगट देऊ केले होते, त्यांच्या गुणांत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. दोन्ही मिळालेल्या गटात मुलींचे गुण सुधारले, मुलांचे सुधारले नाहीत. या गटातल्या विद्यार्थ्यांनी त्या सेवांचा उपयोगही जास्त करून घेतला. हा निष्कर्ष दाखवून 'बघा, मेंटर निरुपयोगी' असं म्हणणारे मला बैठकांमध्ये भेटले आहेत. मी तो वेगळा वाचते. यायचं की नाही हे विद्यार्थ्यावर सोडलं की बहुतेक जण येत नाहीत, आणि जे आलेच नाहीत त्यांच्यावर परिणाम तरी कुठून होणार?

कारण त्याच ओरिओपोलोस यांनी पुढे एका सहकाऱ्यासोबत टोरोंटो विद्यापीठात दुसरा प्रयोग केला. तो 2018 मध्ये छापून आला. एका गटाला एकदाच करायचा ऑनलाइन स्वाध्याय, दुसऱ्याला त्याच्या जोडीला मोबाईलवर नियमित संदेश, आणि तिसऱ्या, बाकीच्यांपेक्षा लहान गटाला प्रत्यक्ष माणूस, म्हणजे वरच्या वर्षातला एक विद्यार्थी, जो ठरावीक काळाने भेटायचा आणि मागोवा ठेवायचा. स्वाध्यायाने आणि संदेशांनी गुणांत फरक पडला नाही. प्रत्यक्ष माणूस मिळालेल्यांचे सरासरी गुण सुमारे 5 टक्क्यांनी वाढले. मेंटर दोन्हीकडे विद्यार्थीच होते, पण दुसऱ्या प्रयोगात भेट ठरलेली होती.

भेटीचा पुढाकार मार्गदर्शकाने घ्यायचा, याला आणखी एक मोठा आधार आहे. एरिक बेटिंगर आणि रेचेल बेकर यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या 13,000 हून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. तिथे प्रशिक्षित मार्गदर्शक विद्यार्थ्यांना स्वतः फोन करायचे, वेळेचं नियोजन, घरचं, कामाचं, परीक्षेचं सगळं बोलायचे. अशा विद्यार्थ्यांचं टिकून राहण्याचं प्रमाण वर्षभरात सुमारे 5 टक्क्यांनी जास्त निघालं, आणि फोन थांबल्यावरही त्यातला बराचसा फरक पुढचं वर्षभर टिकला. ते मार्गदर्शक पगारी होते, विद्यार्थी नव्हते, हे सांगायला हवं. पण फोन कोणी कोणाला केला, हा धडा आपल्याला घेता येतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. शिक्षक-सल्लागार वेगळा कशाला? मेंटरला वाट माहीत असते, पण किल्ली सल्लागाराच्या हातात असते. कुठल्या खिडकीवर कधी गर्दी नसते, कुठल्या विषयाच्या जर्नलवर सही लवकर घ्यावी लागते, पहिली चाचणी सगळ्यांनाच जड जाते, हे मेंटर सांगू शकतो. विषय बदलावा का, एक विषय या सत्रात सोडला तर पुढच्या वर्षाचा प्रवेश अडेल का, शिष्यवृत्तीवर परिणाम होईल का, हे मेंटरने सांगायचं नाही. आमच्याकडे एका अतिशय चांगल्या मेंटरने, निव्वळ आपुलकीपोटी, एका मुलीला सांगितलं, 'तो विषय सोड, काही होत नाही, मीही सोडला होता.' मधल्या काळात नियम बदलला होता. मुलीची शिष्यवृत्ती त्या वर्षापुरती गेली. मेंटर माझ्यासमोर बसून रडला. चूक त्याची नव्हती, माझी होती. त्याने काय सांगायचं नाही हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली. स्वतःचा अनुभव सांगायचा, नियम सांगायचा नाही. नियमाचा प्रश्न निघाला की मेंटरने उठायचं आणि विद्यार्थ्याला सोबत घेऊन सल्लागाराकडे जायचं. 'जा, त्यांना भेट' एवढं पुरत नाही. घाबरलेल्या मुलाला त्या दारापर्यंतचं अंतर फार मोठं वाटतं. मेंटरने दारात उभं राहून 'सर, हा माझ्या गटातला, याचा एक प्रश्न आहे' एवढं म्हटलं की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं सल्लागाराचं. तो तिथे बसलेला हवा, त्याच्याकडे वेळ हवा आणि विद्यार्थ्याची नोंद समोर हवी.

सल्लागारानेही वाट बघत बसू नये, हा विचार जुनाच आहे. रॉबर्ट ग्लेनन यांनी 1975 मध्येच अशा पुढाकार घेणाऱ्या समुपदेशनाची मांडणी केली. आणि तो विचार पूर्ण ताकदीने राबवला की काय होतं, ते न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या असॅप कार्यक्रमात दिसलं. तो 2007 मध्ये सुरू झाला. पूर्णवेळ प्रवेश, सल्लागाराशी ठरलेल्या भेटी, शिकवणी, फीमधली तूट भरून काढणं, प्रवासाचा पास, पुस्तकांचा खर्च, असं सगळं एकत्र तीन वर्षं. एका सल्लागाराकडे साधारण 60 ते 80 विद्यार्थी, एरवी तिथे ही संख्या 600 च्या वर जायची. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात, चिठ्ठीने या कार्यक्रमात आलेल्यांपैकी 40 टक्के विद्यार्थ्यांनी तीन वर्षांत पदविका पूर्ण केली, बाहेर राहिलेल्यांपैकी 22 टक्क्यांनी. मघाशी म्हटलं ते इथे आलं. ज्याला बसचे पैसे नाहीत त्याला मेंटरचा धीर पुरत नाही, त्याला पास लागतो. पण पासासाठी अर्ज करायचा असतो हे त्याला सांगणारं आणि अर्ज भरेपर्यंत सोबत बसणारं माणूसही लागतं.

आता तुमच्या रचनेत मला काय खटकलं ते सांगते. एकेका मेंटरकडे वीस विद्यार्थी फार झाले. स्वतःचा अभ्यास सांभाळून एखादं मूल सहा ते आठ जणांची खरी खबर ठेवू शकतं. वीस जण दिले की तो ग्रुप काढतो, ग्रुपवर सूचना टाकतो आणि काम झालं असं त्याला मनापासून वाटतं. ग्रुपवर गप्प बसणाऱ्यांची नोंद कोणी ठेवत नाही, आणि आपल्याला हवी असतात नेमकी तीच मुलं.

मेंटर निवडताना बहुतेक ठिकाणी पहिल्या दहातली मुलं घेतात. मी तसं करणं सोडलं. हुशार मूल वाईट मेंटर असतं असं नाही, पण ज्याला कधी काही अडलंच नाही त्याला अडलेल्याची लाज कळत नाही. मुलाखतीत मी एकच प्रश्न खोलवर विचारायचे: 'इथे आल्यापासून सगळ्यात वाईट आठवडा कुठला गेला, आणि तेव्हा कोणाकडे गेलास?' जी मुलं ते सरळ सांगायची, एखादा विषय राहिला होता, घरी सांगितलं नव्हतं, मग अमक्याने हात दिला, ती मुलं फार चांगली निघाली. आणि त्यांना मानधन द्या. प्रमाणपत्रावर भागवू नका. जी मुलं स्वतः अडचणीतून वर आली आहेत त्यांनाच फुकट काम परवडत नाही, आणि मेंटर म्हणून आपल्याला तीच हवी असतात.

जोड्या लावताना शाखा एक असावी, येण्याजाण्याच्या वेळा जुळाव्यात. अभियांत्रिकीसारख्या, मुली कमी असलेल्या शाखेत मुलीला मुलगी मेंटर द्यावी हे मी आग्रहाने सांगते. तारा डेनेही आणि निलांजना दासगुप्ता यांनी 2017 मध्ये अभियांत्रिकीच्या 150 विद्यार्थिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या शेवटी, मुलगी मेंटर असलेल्या सगळ्याच्या सगळ्या विद्यार्थिनी शाखेत टिकल्या होत्या. मेंटर नसलेल्या गटात 11 टक्के आणि मुलगा मेंटर असलेल्या गटात 18 टक्के गळाल्या. मुलगी मेंटर मिळालेल्यांचे गुण फार वाढले होते असं नाही. 'माझ्यासारखीला इथे जागा आहे' हे त्यांना वाटत राहिलं, त्यावरच त्या टिकल्या.

पहिला निरोप कसा जातो यावर पुढचं बरंच ठरतं. 'हाय, मी तुझा मेंटर. काही मदत लागली तर नक्की सांग.' हा निरोप मनापासून लिहिलेला असतो आणि तो वाया जातो, कारण त्यात पुढचं पाऊल समोरच्याने उचलायचं असतं. आमची एक मेंटर लिहायची तो निरोप मी जपून ठेवला आहे: 'उद्या 11 च्या प्रॅक्टिकलला जर्नलचं पहिलं पान सही केलेलं लागतं. माझं राहिलं होतं, तासाला बाहेर उभी होते. पावणेअकराला लॅबच्या दारात असते, ये, दोन मिनिटांत होईल.' यात जागा आहे, वेळ आहे, स्वतःची फजिती आहे, आणि नकार द्यायचं कारण नाही. सातपैकी सहा जणी आल्या. सातवी आली नाही, म्हणून मेंटर दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर तिला जाऊन भेटली. सातवीलाच आमची गरज सगळ्यात जास्त होती, हे नंतर कळलं.

बोलण्याचंही तसंच. 'कसं चाललंय?' विचारलं की 'ठीक' येतं. त्यापेक्षा विचारावं, 'या आठवड्यात कुठला तास बुडला?' तास बुडणं गृहीत धरलं की सांगणाऱ्याला कमीपणा वाटत नाही. 'काल वर्गात शेजारी कोण होतं?' हा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रश्न. त्याचं उत्तर दोन आठवडे लागोपाठ 'कोणी नाही' आलं, तर हजेरी कितीही चांगली असो, ते नाव माझ्या यादीत वर जायचं.

मेंटरने स्वतःबद्दल काय सांगायचं, यावरही काम झालेलं आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांच्या 2011 च्या अभ्यासात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला आपण इथले नाही असं आम्हालाही वाटायचं, ते बहुतेकांना वाटतं आणि हळूहळू कमी होतं, अशा आशयाचे. मग त्यांनी स्वतःच्या शब्दांत तसंच लिहिलं. सगळं मिळून तासाभराचं काम. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढत गेले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या तुलनेतलं अंतर निम्म्याने घटलं. म्हणून मी मेंटरना सांगायचे, 'तू करशील, हुशार आहेस' असं म्हणू नका. 'मलाही पहिल्या सत्रात असंच वाटायचं, हरवल्यासारखं, आणि मग ते अमुक दिवशी थोडं सुटलं' असं सांगा, आणि खरं असेल तेवढंच सांगा.

या सगळ्याचा कणा मात्र आठवड्याची बैठक. तुमच्या वर्णनात ती कुठे दिसली नाही, आणि योजना महिन्याभरात थंडावली ती बहुधा इथेच. दर आठवड्याला चाळीस मिनिटं, सगळे मेंटर, समन्वयक आणि एक सल्लागार. पहिला प्रश्न ठरलेला: 'या आठवड्यात कोणाचं उत्तर आलं नाही?' 'कोण भेटलं?' हा प्रश्न नंतर. गप्प झालेलं नाव निघालं की तिथल्या तिथे ठरवायचं, कोण जाणार, कधी जाणार. सोबत हजेरीपत्रक, पहिल्या चाचणीचे गुण, फीची थकबाकी आणि न भरलेले अर्ज यांची यादी सल्लागाराने आणायची. ती यादी मेंटरच्या हातात द्यायची नाही. 'अमक्याला या आठवड्यात जरूर भेट' एवढंच सांगायचं. कोणाची फी थकली आहे हे त्याच्या बरोबरीच्या मुलाला कळता कामा नये.

पहिले सहा आठवडे, पहिल्या निकालानंतरचे आठ-दहा दिवस आणि मोठ्या सुटीनंतरचा पहिला आठवडा, या तीन वेळी मुलं सगळ्यात जास्त निसटतात असा माझा अनुभव आहे. सुटीतही संपर्क तोडू नका. शाळा संपवून महाविद्यालयात यायचं ठरवलेली काही मुलं मधल्या सुटीतच गळतात. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांच्या अभ्यासात त्याच सुटीत मेंटर विद्यार्थ्यांनी संपर्क ठेवला, तेव्हा चार वर्षांच्या महाविद्यालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण साडेचार टक्क्यांनी वाढलं. फी भरायची तारीख, वसतिगृहाचा अर्ज, राहिलेला दाखला, असल्या बारीक गोष्टींवर ही मुलं अडतात.

'कच्च्या मुलांसाठी मेंटर' असा शिक्का बसला की मुलं येत नाहीत. म्हणून मेंटर सगळ्यांना द्या. ज्याला नको असेल त्याने तसं सांगावं. पण हवं असेल त्यानेच अर्ज करावा, असं ठेवू नका. विषयाच्या मदतीबाबत मला मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या डियाना मार्टिन यांची रीत आवडते. त्यांनी 1973 मध्ये कच्ची मुलं शोधण्याऐवजी अवघड विषय शोधले. ज्या विषयात खूप मुलं नापास होतात, तो विषय आधी चांगला पार पाडलेला विद्यार्थी पुन्हा त्या तासांना बसतो आणि आठवड्यातून ठरावीक वेळी गट घेतो. विषय अवघड आहे म्हटलं की जाण्यात कमीपणा राहत नाही. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या विद्यापीठात युरी ट्राइसमन यांना 1970 च्या दशकात कॅल्क्युलस हा गणिताचा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये दिसलं होतं की काही मुलं मन लावून, तासन्‌तास, पण एकटी अभ्यास करायची आणि मागे पडायची, तर काही एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासायची आणि पुढे जायची. तुमच्याकडे असे दोन-तीन विषय नक्की असतील. तिथून गट सुरू करा.

मर्यादा मात्र पहिल्याच दिवशी लिहून द्या. पैसे उसने द्यायचे-घ्यायचे नाहीत. आपल्या गटातल्या कोणाशी प्रेमप्रकरण नको. रात्री उशिरा फोन घ्यायचा नाही, त्यासाठी समुपदेशकाचा किंवा तातडीच्या मदतीचा क्रमांक द्यायचा. आणि कोणी जीव नकोसा झाल्याचं बोललं, मारहाण किंवा छळ होत असल्याचं सांगितलं, तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन मेंटरने कधीच द्यायचं नाही. सुरुवातीलाच सांगून ठेवायचं की तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर ती गोष्ट मी माझ्या एकट्याकडे ठेवणार नाही. मग त्याच क्षणी, त्याला एकटं न सोडता, प्रशिक्षित माणसाला बोलवायचं. अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर दुसऱ्याच्या जिवाचं ओझं टाकणं अन्याय आहे, आणि दोघांसाठी धोक्याचंही.

मोजमापाबद्दल एकच कळकळीची विनंती. भेटी किती झाल्या हे अहवालात लिहून समाधान मानू नका. पुढच्या सत्रात नोंदणी कोणी केली आणि कोणी नाही, तेवढं मोजा. स्वतःहून आलेल्यांची न आलेल्यांशी तुलना करू नका, कारण येणारे मुळातच टिकणारे असतात. मेंटर कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून काही वर्गांना द्या, काहींना पुढच्या वर्षी द्या आणि दोन्हींची तुलना करा.

सगळ्यांना रोखायचंच असंही नाही. एका मुलीला मनापासून दुसरा अभ्यासक्रम हवा होता, घरच्यांनी इथे घातलं होतं. मेंटरने ते ऐकून घेतलं, सल्लागाराने तिचे मिळालेले श्रेयांक, दाखला, फी परतीची मुदत सगळं नीट करून दिलं. ती गेली. वर्षभराने तिच्या नव्या महाविद्यालयातून तिचा निरोप आला, ती तिथे मेंटर झाली होती. जाणारा कागदपत्रं घेऊन, परत यायची वाट ठाऊक असताना गेला, तर मी त्याला गळती म्हणत नाही.

या वर्षी चाळीस मेंटर घेऊ नका. एका शाखेत आठ घ्या, प्रत्येकाकडे सात विद्यार्थी. सत्र सुरू व्हायच्या आधी तीन दिवस प्रशिक्षण, आणि पहिला निरोप प्रत्यक्ष लिहून घेऊन तुमच्यासमोर तपासा. पण त्याच्याही आधी एक काम करा. गेल्या वर्षी न परतलेल्यांची यादी काढा, ऑफिसने लिहिलेली कारणं बाजूला ठेवा आणि त्यातल्या पंधरा-वीस जणांना स्वतः फोन करा. 'का सोडलंस?' असं विचारू नका, त्याचं उत्तर तयार असतं. विचारा, 'शेवटचं आलास त्या दिवशी काय झालं होतं?' आणि ते बोलत असताना लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत. मेंटरच्या प्रशिक्षणाचा पहिला तास त्या कागदांवर घ्या.